वर्षाकाठी दोन सिगार

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जळगावजवळच्या एका केळीच्या मळ्यात आमची भरीत पार्टी झाली. मेहरूण तलावाकाठी रोज सकाळी फिरणाऱ्या आम्हा वीस-बावीस जणांचा हा अनेक वर्षांचा शिरस्ता आहे. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, ती लाकडी भांड्यात ठेचायची, कळण्याच्या पुऱ्यांबरोबर खायची आणि ऊन उतरेपर्यंत गप्पा मारायच्या. यंदा जेवणानंतर आमच्यातल्या एका निवृत्त रेल्वे अधिकाऱ्यांनी एक लहानशी लाकडी पेटी उघडली. ती त्यांच्या पुतण्याने परदेशातून आणली होती आणि तिच्यात डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये हाताने वळलेले पाच सिगार होते. तिघांनी एकेक पेटवला. त्या तिघांत मी होतो. कोणीतरी छायाचित्र काढले, ते गटाच्या व्हॉट्सअॅपवर आले आणि त्यानंतर पंधरा दिवस तलावाच्या फेरीत दुसरा विषय निघाला नाही.

वाद झाला याचे मला दुःख नाही. तो ज्या रीतीने झाला त्याचे आहे. एका बाजूचे म्हणणे एका वाक्यात संपत होते. तंबाखू ती तंबाखू, मग ती चुन्याबरोबर तळहातावर मळलेली असो की कागदी पट्टी लावून पेटीत ठेवलेली असो, आणि ती घेणारा तो व्यसनी. दुसरी बाजू, म्हणजे माझ्याबरोबर सिगार ओढणाऱ्यांची बाजू, याहूनही कच्च्या पायावर उभी होती. धूर छातीत घेत नाही म्हणून अपाय नाही, पान नैसर्गिक आहे, त्यात रसायने नाहीत, आणि चर्चिल जन्मभर सिगार ओढून नव्वद वर्षे जगला, असे हे सगळे समर्थन होते. पहिल्या बाजूने माणसामाणसांतला फरक पुसून टाकला, दुसरीने पदार्थाचा धोका पुसून टाकला. माझे मत असे आहे की, वर्षातून एक-दोनदा, ठरवून, उघड्या माळावर, समवयस्कांच्या सोबतीत हातवळणीचा चांगला सिगार ओढणे ही चैन आहे आणि तिला व्यसन म्हणणे हा भाषेचा गैरवापर आहे. ही चैन निरुपद्रवी नाही. परंतु सज्ञान माणूस जाणतेपणी ज्या जोखमी पत्करतो त्यांच्यात तिलाही जागा आहे, आणि ती पत्करणाऱ्याच्या चारित्र्याची झडती घेण्याचा अधिकार इतरांना त्यातून मिळत नाही.

ज्या वस्तूवर एवढे बोलले गेले ती वस्तू काय आहे, हे बहुतेकांना पाहायचेच नव्हते, म्हणून ते थोडे सविस्तर सांगतो. हातवळणीच्या सिगारमध्ये कागद नसतो, गोंदही वनस्पतिजन्य आणि नावापुरता असतो. बाकी सगळे पानच. आत भरणाची लांब पाने असतात, त्यांना आवळून धरणारे बांधणीचे पान असते आणि सर्वांत बाहेर वेष्टनाचे, शक्य तितके निर्दोष आणि बारीक शिरांचे पान. भरणाची पाने झाडाच्या कोणत्या उंचीवरून खुडली यावर सिगारचा स्वभाव ठरतो. वरची, उन्हात तापलेली पाने जाड आणि कडक, मधली सुगंधाची, खालची हलकी, नीट जळण्यासाठी घातलेली. खुडलेली पाने वाळवून त्यांच्या मोठ्या थप्प्या रचतात. आपल्याकडे आंब्याची अढी लावतात तेव्हा गवताच्या पोटात जशी ऊब धरते तशीच या थप्पीच्या पोटात धरते, मात्र कितीतरी अधिक. आत किती उष्णता झाली ते पाहून थप्पी मोडतात, पाने उलटीपालटी करतात आणि पुन्हा रचतात. या मुरण्यात पानातला अमोनिया निघून जातो, कडवटपणा उतरतो आणि मातीचा, भाजलेल्या कॉफीचा, जुन्या लाकडाचा वास पानात येतो. शेतातून पेटीपर्यंत यायला दोन-तीन वर्षे सहज लागतात. निष्णात वळणारा दिवसाकाठी शंभराच्या आसपास सिगार वळतो, आणि त्याने भरण जरा घट्ट केले तर धूर येत नाही, सैल केले तर सिगार भडकून जळतो. असा सिगार घाईत ओढता येत नाही. त्याला तासभर लागतो, धूर तोंडात फिरवून सोडून द्यायचा असतो, आणि तासभर तीन माणसे एका जागी बसली की बोलणे आपोआप खोल जाते. त्या दिवशी आम्ही तिघे, चाळीस वर्षांची ओळख असूनही, आपापल्या वडिलांबद्दल पहिल्यांदा बोललो. सिगारनेच हे घडवले असा माझा दावा नाही. पण त्या तासाला त्याने एक आकार दिला, हे मी प्रामाणिकपणे सांगू शकतो.

आता विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा. तो मी काटछाट न करता मान्य करतो. सिगार सुरक्षित नाही. मोठ्या सिगारमध्ये पाच ते वीस ग्रॅम तंबाखू असते, सिगारेटमध्ये एक ग्रॅमहूनही कमी. म्हणजे एका सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. धूर छातीत घेत नाही ही सबब तर अर्धवट ज्ञानातून आली आहे. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे त्यातले निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात उतरते. सिगारेटचा धूर आम्लाकडे झुकणारा, म्हणून तो छातीपर्यंत ओढावा लागतो. फुप्फुसे थोडीफार वाचली असे धरले तरी ओठ, जीभ, गाल, घसा आणि अन्ननलिका यांच्यावरून तोच धूर आणि तीच लाळ जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ साली सिगारवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. रोज एक-दोन सिगार ओढणाऱ्यांत तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका कधीच न ओढणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक असतो, हे त्यात मांडले आहे. ‘नैसर्गिक पान’ या शब्दांनी तर माझ्या मित्रांनी स्वतःचीच फसवणूक केली. ज्या मुरण्याचे कौतुक मी वर केले, त्याच मुरण्यात नायट्रोसामाइन या वर्गातली कर्करोगकारक द्रव्ये तयार होतात. सुगंध आणि विष एकाच थप्पीत पिकतात. आणि चर्चिलचे उदाहरण देणाऱ्यांनी अमेरिकेचा सेनापती आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला युलिसिस ग्रँटही आठवावा. तो सिगारमागून सिगार ओढत असे आणि १८८५ साली घशाच्या कर्करोगाने गेला. वाचलेला एक माणूस पुढे करून गेलेल्यांची मोजदाद टाळता येते का?

आमच्या गटात एक दंतवैद्य आहेत. वादात सर्वांत कमी बोलल्या त्या, आणि सर्वांत वजनदार बोलणेही त्यांचेच होते. “सर, माझ्याकडे तोंड दोन बोटेसुद्धा न उघडणारी विशी-पंचविशीतली मुलं येतात. त्यांना मी तुमच्या सिगारची थोरवी कोणत्या तोंडाने सांगू?” असे त्यांनी मला विचारले. त्या मुलांची तोंडे सुपारीने आणि गुटख्याने आखडलेली असतात, सिगारने नव्हे, हे उत्तर खरे आहे. पण त्या प्रश्नाला ते पुरेसे नाही आणि म्हणून मी ते त्या वेळी दिले नाही. भारतातल्या पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो. २०१६-१७ च्या दुसऱ्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे आढळले, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्या राज्याचे दुखणे मुख्यतः पुडीचे, मळलेल्या चिमटीचे आणि मशेरीचे आहे. पण ज्या घरात आग लागली आहे त्या घरासमोर शेकोटी पेटवू नये, ही डॉक्टरांची भावना मला समजते, आणि तिचा मान ठेवूनच पुढचे लिहितो.

मग बचावाला उरते काय? उरते ती मात्रा, आणि मात्रा ही क्षुल्लक गोष्ट नाही. सिग्मंड फ्रॉइड दिवसाला वीसच्या घरात सिगार ओढत असे. १९२३ साली त्याच्या जबड्यात कर्करोग निघाला, पुढच्या सोळा वर्षांत तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, डॉक्टरांनी परोपरीने सांगितले, तरी १९३९ साली मृत्यू येईपर्यंत त्याला सिगार सुटला नाही असेच म्हणावे लागते. मनाचे तळघर उघडून दाखवणाऱ्या माणसाची ही गत झाली, यावरून बुद्धी आणि सुसंस्कृतपणा निकोटिनपासून कोणाला वाचवत नाहीत हे दिसते. पण त्याच उदाहरणाची दुसरी बाजूही मोजून पाहावी. दिवसाला वीस म्हणजे वर्षाला सात हजार तीनशे. माझे वर्षाला दोन. या दोन माणसांना एकच शब्द लावणारी भाषा कोणाचे भले करते? व्यसनाचा अर्थच मुळी असा की निवड माणसाच्या हातून निसटलेली असते. सकाळी उठल्यावर हात आपोआप खिशाकडे जातो, मिळाले नाही तर जीव कासावीस होतो, घरच्यांशी खोटे बोलले जाते. ज्याला मागच्या संक्रांतीपासून या भरीत पार्टीपर्यंत सिगारची आठवणही झाली नाही, त्याच्या बाबतीत यांतले काय खरे आहे? चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या पाचव्या अध्यायाचे नावच ‘मात्राशितीय’ आहे. त्या अध्यायात औषधी द्रव्यांची वर्ती करून धूर घेण्याचा विधी सांगितला आहे, तो कोणत्या वेळी घ्यावा हेही सांगितले आहे आणि अवेळी वा अति घेतल्याने कोणते विकार होतात तेही सांगितले आहे. तेव्हा तंबाखू आपल्या देशात आलीच नव्हती, त्यामुळे चरकाचा दाखला देऊन सिगारला औषध ठरवण्याचा खोटेपणा मी करणार नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की, एखादी गोष्ट किती, केव्हा आणि कोणी, असा विचार करण्याची रीत आपल्या परंपरेला परकी नव्हती. ती आपण अलीकडे गमावली आणि तिच्या जागी ‘पूर्ण वर्ज्य’ आणि ‘पूर्ण माफ’ अशा दोनच कप्प्यांचे कपाट आणून ठेवले.

या प्रश्नावर वाईट वाद घालण्याचा मान आमच्या गटाला पहिल्यांदा मिळालेला नाही, आणि गंमत अशी की चारशे वीस वर्षांपूर्वीच्या त्या वादाचा धागाही खानदेशातूनच जातो. १६०१ साली अशीरगड पडला, फारुकींचे राज्य संपले आणि अकबराने खानदेशचा सुभा शाहजादा दानियालकडे दिला. काही काळ या प्रांताला त्याच्या नावावरून दानदेश म्हणत. याच दानियालच्या विवाहासाठी विजापूरच्या आदिलशाही राजकन्येला आणायला अकबराने असद बेग नावाचा आपला माणूस दक्षिणेत पाठवला होता. असद बेगने विजापुरात तंबाखू पाहिली आणि परतताना रत्नजडित नळीसह ती बादशहापुढे ठेवली. हा प्रसंग त्याने स्वतःच लिहून ठेवला आहे. अकबराने दोन-तीन झुरके घेतले तोच हकीम आडवे आले. त्यांचा आक्षेप काय होता? ही वस्तू शरीराला काय करते, हा प्रश्न दुय्यमच राहिला. आपल्या जाणत्यांनी जिची पारख केली नाही अशी फिरंग्यांची चाल आपण का उचलावी, यावर त्यांचा भर होता. असद बेगचे उत्तर तितकेच पोकळ होते. जगातली प्रत्येक रीत कधी ना कधी नवीच असते, असे तो म्हणाला. नवेपणाने एखादी वस्तू वाईट ठरत नाही हे खरे, पण त्याने ती चांगली तरी कुठे ठरते? बादशहाने असद बेगच्या बोलण्याची तारीफ केली, स्वतः मात्र सवय लावून घेतली नाही, आणि सरदारांनी तंबाखू उचलली. धूर माणसाच्या देहात काय करतो, हा एकमेव कामाचा प्रश्न त्या दरबारात कोणी तडीस नेला नाही. आमच्या तलावाकाठी तरी कोणी नेला?

त्या कथेचा पुढचा भाग बऱ्हाणपूरला घडतो आणि तो अधिक करुण आहे. ज्याच्या लग्नासाठी ही सगळी खटपट झाली तो दानियाल मद्यात बुडालेला होता. अकबराने आज्ञा केली की त्याला मद्य मिळता कामा नये. पहारे बसले, येणाऱ्या-जाणाऱ्यांवर नजर ठेवली गेली. तेव्हा शाहजाद्याने आपल्या आवडत्या बंदुकीच्या नळीतून मद्य आत आणवले. नळीतला गंज आणि बारुदीचा अंश त्या मद्यात उतरला, आणि १६०५ साली, वयाच्या तिशीतच, तो बऱ्हाणपूरला मरण पावला. ही हकीकत त्याच्या सावत्र भावाने, जहांगीरने, आपल्या आठवणींत नोंदवली आहे. त्याच जहांगीरने १६१७ साली तंबाखूवर बंदी घातली आणि कारण दिले की तिने प्रकृती बिघडते. कारण बरोबर होते. पण हाच जहांगीर आपण एके काळी दिवसाला दुहेरी गाळलेल्या दारूचे वीस पेले पीत होतो, असे स्वतःच्या लेखणीने कबूल करतो, आणि अफू तर त्याने शेवटपर्यंत सोडली नाही. त्याची तंबाखूबंदी टिकली नाही. दानियालची कथा बंदीच्या विरोधात वापरावी असे माझ्या मनात नाही. तो खरोखरच व्यसनाच्या कह्यात होता आणि पित्याने काहीतरी करायला हवेच होते. मला त्या तीन राजपुरुषांमध्ये एक दोष सारखा दिसतो. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या सेवनाकडे एकाच मापाने पाहण्याची तयारी त्यांच्यापैकी कोणातच नव्हती. जो आपल्या पेल्यांची संख्या कौतुकाने लिहितो आणि प्रजेच्या चिलमीवर फर्मान काढतो, त्याचे फर्मान कोण मनावर घेईल?

माप बदलण्याचा हा खेळ खानदेशच्या डोंगरात पुढेही चालला, आणि त्याची किंमत दुबळ्यांनी दिली. सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, मोहाची दारू जन्माला, लग्नाला, मरणाला आणि देवाला लागते. पहिली धार जमिनीवर, पूर्वजांसाठी सोडायची आणि मग माणसांनी घ्यायची. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गाळण्याचा हक्क सरकारकडे आणि ठेकेदारांकडे गेला. घरच्या भट्टीवर प्रसंगाने गाळणारा भिल्ल गुन्हेगार ठरला आणि ठेकेदाराच्या दुकानात रोज पिणारा गिऱ्हाईक ठरला. म्हणजे प्रसंगाने घेणे बेकायदा आणि नित्य घेणे महसुलाचे. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, तेव्हा शहरातल्या सुखवस्तू माणसासाठी प्रकृतीच्या कारणाने परवान्याची सोय राहिली. पाड्यावरच्या माणसाला अशी वाट कोण दाखवणार होते? डोंगरातली दारू निरपराध होती असे मी म्हणत नाही. तिने उद्ध्वस्त केलेली घरे मी नंदुरबारला नोकरीत असताना जवळून पाहिली आहेत. पण प्रसंग आणि नित्य यांतला भेद कायद्याने पुसला, तेव्हा नित्य पिणे कमी झाले नाही आणि प्रसंगाची मर्यादा सांभाळणारी रीत मात्र खिळखिळी झाली. रीत हीच तिथली लगाम होती.

इथे एक आक्षेप घेतला जाईल, नव्हे, घेतला गेलाच, आणि तो मला सर्वांत जास्त बोचला. एका तरुण सहकाऱ्याने गटावर लिहिले की, क्यूबातल्या आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या हातांचे तुम्हाला कौतुक, पण विडीही हातानेच वळतात, तिच्यावर कोणी निबंध लिहीत नाही. हे अक्षरशः खरे आहे. विडीचे टेंभुर्णीचे पान उन्हाळ्याच्या कडाक्यात सातपुड्यातली आदिवासी कुटुंबे पहाटे उठून गोळा करतात, पन्नास-शंभराच्या जुड्या बांधतात. विड्या वळतात त्या मुख्यतः बाया, घरच्या उंबऱ्यावर, हजारी दराने, तंबाखूची धूळ श्वासात घेत. सिगारच्या इतिहासाचेही हात स्वच्छ नाहीत. क्यूबात गुलामगिरी १८८६ साली संपली, आणि त्याआधी तिथल्या तंबाखूत गुलामांचेही श्रम होते. तिथल्या कारखान्यांत १८६५ पासून एक सुंदर प्रथा सुरू झाली. वळणारे काम करीत असताना एक वाचक उंच आसनावर बसून त्यांना वृत्तपत्रे आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवी, आणि त्याचा पगार कामगार आपल्या खिशातून देत. निरक्षर कामगारही त्यामुळे जगाच्या घडामोडी जाणणारे झाले. आपल्या विडी कामगार स्त्रियांना असे काही कोणी दिले का? ‘हातवळणीचा’ या शब्दाने जे पावित्र्य सुचवले जाते ते मी म्हणूनच मागे घेतो. आणि त्याबरोबर एक जबाबदारीही पत्करतो. माझा बचाव फक्त महागड्या सिगारला लागू पडत असेल आणि पोळ्याच्या संध्याकाळी बैल धुऊन-सजवून झाल्यावर वर्षातून एकदा विडी पेटवणाऱ्या सालदाराला लागू पडत नसेल, तर तो बचाव नाही, ती पैशाची घमेंड आहे. दोघांनाही एकच न्याय हवा. दोघांचीही कृती सारखीच जोखमीची आणि सारखीच क्षम्य आहे.

पैशाच्या उधळपट्टीचा मुद्दा मी फार ताणत नाही. हजारांत किंमत असलेली वस्तू जाळून टाकणे ही उधळपट्टीच आहे. पण ज्या शहरात लग्नाच्या एका संध्याकाळी फटाक्यांवर त्याच्या कितीतरी पट रक्कम जाते, तिथे हा मुद्दा फक्त सिगारपाशी येऊन थांबतो याचा अर्थ तो पैशाबद्दल नाही.

त्यापेक्षा गंभीर आहे तो निसरड्या वाटेचा प्रश्न. प्रत्येक व्यसनी माणसाने सुरुवात कधीतरी ‘एकदाच’ अशी केलेली असते. माझ्या चुलत्यांनी सोळाव्या वर्षी, खळ्यावर रात्री राखणीला असताना, झोप येऊ नये म्हणून पहिली चिमूट तोंडात धरली. बावन्नाव्या वर्षी त्यांचा अर्धा जबडा काढावा लागला, आणि त्यानंतरचे चौदा महिने काकू त्यांना पातळ कण्या चमच्याने भरवीत होत्या. शेवटच्या दिवसांत ते पाटीवर लिहून बोलत. त्या पाटीवरचे त्यांचे अक्षर मला आजही दिसते, आणि म्हणूनच निकोटिनला कमी लेखणाऱ्या कोणत्याही युक्तिवादात मी सामील होणार नाही. तरीही मला असे वाटते की, त्यांच्या पहिल्या चिमटीत आणि माझ्या सिगारमध्ये केवळ वयाचा नव्हे तर रचनेचा फरक आहे. त्यांची चिमूट कामाला जुंपलेली होती. झोप घालवणे, भूक मारणे, कंटाळा ढकलणे ही रोजची गरज होती आणि रोजची गरज रोजचाच उपाय मागते. त्यांची पुडी दोन पैशांना कोपऱ्यावर मिळत होती आणि खिशात मावत होती. सिगार कोणतेच काम करीत नाही. तो तासभर मागतो, सोबत मागतो, आणि आमच्या हवेत तर टिकतही नाही. त्याला साधारण पासष्ट ते सत्तर टक्के आर्द्रता लागते, आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा उघड्यावरच्या सिगारचे वेष्टन वाळून तडकते. ज्या गोष्टीची गाठ प्रसंगाशी बांधलेली असते ती सवयीत उतरणे अवघड असते. अशक्य असते असे नाही. म्हणून मी स्वतःला एक अट घालून घेतली आहे. दोन सिगारांतले अंतर कमी होऊ लागले, किंवा प्रसंगासाठी सिगार न राहता सिगारसाठी प्रसंग शोधला जाऊ लागला, तर त्या दिवशी हे कायमचे थांबवायचे. आणि ज्याने एकदा व्यसनाशी झुंज दिली आहे, ज्याच्या तोंडात पांढरे चट्टे आहेत, ज्याचे हृदय अधू आहे, त्याने या वाटेला मुळीच जाऊ नये. माझा युक्तिवाद त्याच्यासाठी नाही आणि त्याने तो उसना घेऊ नये.

एका बाबतीत मात्र मी पूर्णपणे चुकलो, आणि ते डॉक्टरांनी नव्हे, माझ्या नातीने दाखवून दिले. छायाचित्र गटावरून कोणाच्या तरी फोनवर, तिथून तिच्या आईच्या फोनवर गेले. “आजोबा, तुम्ही तर गणपतीच्या नाटकात तंबाखूविरुद्ध भाषण लिहून दिलं होतं ना?” असे नववीतली ती मुलगी मला विचारत होती. मी तिला वर लिहिलेले सारे सांगू शकलो असतो. चौदा वर्षांच्या मुलीपुढे मात्रेचा युक्तिवाद मांडणे म्हणजे तिच्या वयाचा गैरफायदा घेणे झाले असते. सिगार ओढण्यात मी काही लपवण्यासारखे केले नव्हते, परंतु प्रौढांचे जे आहे ते प्रौढांतच राहावे, एवढा विवेक मी छायाचित्र काढले जाताना दाखवायला हवा होता. कायदा सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई करतो. मळा खासगी होता, म्हणून कायद्याचा भंग झाला नाही. पण छायाचित्राला कुंपण नसते. मी गटावर क्षमा मागितली, ती सिगारसाठी नाही, त्या छायाचित्रासाठी. नातीला मी सांगितले की मी केले ते धोक्याचे आहे, ते करणे टाळता आले असते, आणि तू अठरा वर्षांची झालीस की या विषयावर आपण दोघे भांडू.

आणि या पंधरा दिवसांत आम्ही ज्याच्याविषयी अवाक्षर काढले नाही ते आता लिहितो. आमच्या फेरीच्या वाटेवर एक शाळा आहे. तिच्या फाटकापासून वीस-पंचवीस पावलांवर एक टपरी आहे. २००३ च्या कायद्याप्रमाणे शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत, अठरा वर्षांखालच्या मुलांना कुठेही विकता येत नाहीत, आणि गुटख्याला तर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. तरी त्या टपरीवर सकाळी सात वाजता पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात आणि गणवेशातली मुले तिथे उभी असतात. आम्ही वीस-बावीस सुशिक्षित माणसे रोज त्या माळांच्या अंगावरून, सिगारवर तावातावाने बोलत, पुढे गेलो. तिकडे बघा म्हणून माझ्याकडे बघू नका, असा याचा अर्थ कोणी काढू नये. माझ्यावर जे बोलायचे ते बोलून झाले आहे आणि त्याचे उत्तर मी वर दिले आहे. पण ज्यांना तंबाखूची इतकी चीड आहे त्यांची चीड तीन म्हाताऱ्यांच्या एका दुपारीवर खर्च झाली आणि त्या फाटकापाशी पोहोचेपर्यंत संपली, हे मला सिगारवरच्या कोणत्याही टीकेपेक्षा जास्त लागले. मी महापालिकेला आणि पोलिसांना द्यायचा अर्ज लिहून डॉक्टरांना दाखवला. त्यांनी दोन शब्द बदलले, टपरीवाल्याला दुसरीकडे जागा मिळावी अशी एक ओळ वाढवली आणि पहिली सही केली. दुसरी माझी आहे. आज सकाळपर्यंत अकरा झाल्या, त्यांत ज्या तरुणाने मला विडीची आठवण करून दिली त्याचीही आहे. पेटीतले उरलेले दोन सिगार रेल्वेवाल्या मित्राकडे आहेत; सोमवारी अर्ज द्यायला जाताना ते बरोबर येणार आहेत, सिगार मात्र घरीच राहतील.